खातेवाटप

दिल्लीत शपथा संध्याकाळी झाल्या,
मला गुरुजींचा फोन रात्री साडेनवाला.
मैनोद्दीन, उद्या ब्रश घेऊन ये,
देशाचं मंत्रिमंडळ बदललंय.

मला माहीत होतं.
दुकानात बसून मोबाईलवर ऐकत होतो,
ईश्वरसाक्ष म्हणणारा एकेक माणूस
आणि त्याच्या नावातली जोडाक्षरं मोजत होतो.

हिप्परग्याच्या शाळेतला फलक व्हरांड्यात आहे,
पाण्याच्या टाकीला लागून.
त्यामुळं देशाला खालून ओल येते
आणि पुसलेले मंत्री वर येतात.
एके वर्षी अर्थ खात्यासमोर दोघंजण एकमेकांत दिसायचे,
एकाची वेलांटी, दुसऱ्याचा काना.
पोरांनी त्यातून तिसरंच नाव पाठ केलं,
केंद्रप्रमुखांना घडाघडा सांगितलं.
साहेबांनी मान डोलावली.

एकतीस वर्षं लिहू लालोय.
आधी अक्षराला रुपया होता.
खरं सांगतो, तेव्हा पाठिंबा काढणारे लोक
मला फार चांगले वाटायचे.
वर्ष-दीड वर्षात सरकार पडायचं,
आमच्या घरात नवं पातेलं यायचं.
आता फलकाचे ठोक साडेतीनशे,
आणि सरकारं टिकू लालीत.

डावीकडं खाती पिवळ्यात, ती कायमची.
उजवीकडं माणसं पांढऱ्यात.
सकाळी उजवी बाजू खरवडून काळी केली
तर गुरुजी म्हणाले, थांब.
नावं आलीत, खाती यायचीत.

म्हणजे माणसं आहेत, पण बसवायची कुठं ते नाही.
मी पायरीवर बसलो.
खिचडीची सुट्टी झाली, पोरं ताटल्या वाजवत आली,
गृह, संरक्षण, रेल्वे,
सगळ्यांसमोर काळंकुळीत.
देश तसा चालूच होता.
रस्त्यावरून मुखेडची एस्टी वेळेवर गेली.

टाकीपाशी एक पोरगी उभी, सातवीतली,
गळ्यात निळ्या फितीला किल्ली.
शिवनंदा मामीलवाड.
शाळेच्या बालमंत्रिमंडळात पाणीमंत्री,
बारा चिठ्ठ्यांनी निवडून आलेली.
आधीच्या मंत्र्याला टाकीवर चढता येत नव्हतं, म्हणाली.

काका, ह्यांच्यात आपल्याकडचं कोण हाय?

गुरुजींनी यादीवरून बोट खाली नेलं,
परत वर नेलं.
बॅटरी अकरा टक्के होती.
यादी अजून पूर्ण नाही म्हणाले,
आणि फोन चार्जिंगला लावायला ऑफिसात गेले ते
बराच वेळ आले नाहीत.

तीनला खाती आली.
मी भराभर लिहिलं. नावं लांबलचक,
एकाचं आडनाव तर चौकटीबाहेर निघालं,
शेवटचा उकार भिंतीवर काढावा लागला.
एकाच माणसाकडं तीन खाती होती.
पहिल्यासमोर नाव, खालच्या दोन्हींसमोर
दोन-दोन टिंबं.

हे काय काका?
वरचाच माणूस.
मंग खालचं काम कोण करते?

मी ब्रश रॉकेलात बुडवला.
रॉकेल पांढरं होत गेलं, ते बघत बसलो.

पिवळ्यातलं एक खातं मात्र उरलं.
यादीत ते कुठंच नव्हतं.
गुरुजींनी दोनदा बघितलं,
कशात तरी विलीन झालं असेल म्हणाले, राहू दे.
राहू दिलं.
त्याच्यासमोर ओला काळा रंग
आणि त्यात अडकलेली एक मुंगी.

सामान आवरलं. हात कोपरापर्यंत पांढरे.
साबणाचा तुकडा घेऊन टाकीच्या तोटीकडं गेलो
तर पोरगी मधी आली,
फितीची किल्ली मुठीत धरून.

हितं हात धुवायचं न्हाई काका,
पेयाचं पाणी हाय.

गुरुजी हसले. ती हसली नाही.

मग मी शाळेमागच्या हापशावर गेलो.
तीस-चाळीस दांडे मारल्यावर
आत कुठंतरी खोकल्यासारखा आवाज झाला.